सैल पडलेला टेप

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

डायरी लिहायची मला सवय नाही. पण जालन्याच्या प्रशिक्षणात एका डॉक्टरबाईंनी सांगितलं की नवीन काम हाती घेताना रोज चार ओळी लिहा, डोकं शांत राहतं. लिहून पाहतोय. डोक्यात अजून तरी काही फरक नाही.

नवीन काम म्हणजे पोटं मोजणे. मी भोकरदनला राहतो आणि रोज मोटारसायकलवर हसनाबादच्या अलीकडच्या गावात आमच्या उपकेंद्रावर जातो. कागदावर समुदाय आरोग्य अधिकारी, गावाच्या तोंडी अंगद डॉक्टर. आजवर बीपी, शुगर, खोकला आणि गरोदर बायका इतकंच होतं. आता तीस वर्षांवरच्या प्रत्येकाच्या कमरेला टेप लावायचा. बाप्याची कंबर नव्वद सेंटीमीटरच्या वर आणि बाईची ऐंशीच्या वर असली की यकृतावर चरबी असल्याचा संशय धरायचा आणि रक्त तपासायचं. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. दारूचा थेंब न घेणाऱ्यालाही होतो आणि कळतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. प्रशिक्षणात हे ऐकल्यापासून मला चैन नाही. बसमध्ये, बाजारात, जिथं जाईन तिथं मला माणसांच्या आधी त्यांची पोटंच दिसतात.

पहिल्याच दिवशी पारावर बसलेल्यांनी मला विचारलं, "डॉक्टर, शिलाईचं काम बी घेऊन राह्यले का? मंग एक सदरा शिवा." कुणीही हात वर करेना. शेवटी तसाच परत आलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

घरोघर जायला सुरुवात केली. सोबत आमच्या आशाताई, दुर्गाबाई. त्यांना गावातली प्रत्येक सून, तिचं माहेर आणि तिचं भांडण तोंडपाठ आहे.

पहिल्या घरी टेप काढायच्या आधी चहा आला. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी मी हात जोडून नको म्हणालो, तर बाहेर आल्यावर दुर्गाबाईंनी मला झापलं. "सर, चहाला न्हाई म्हणलं की पुढच्या बारीला दार लावून घेत्यात. चहा घेतल्याबिगर माणूस कमरेला हात लावू देत न्हाई. मला इचारा की."

मग घेत गेलो. या भागातला चहा म्हणजे पाक. कपाच्या तळाशी जी साखर उरते ती बोटानं चाटायची असते, म्हणजे घरच्या बाईला बरं वाटतं. चहा पिऊन झाला की मी साखर कमी करा असं सांगायचं आणि पुढच्या घरी जायचं. काम आहे, करावं लागतं.

शीतलला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं की नवीन साबणानं पँटी आटतायत. ती म्हणाली, "अहो, साबण तोच आहे." तिचं माझ्या कपड्यांकडे लक्ष नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गेल्या आठवड्यात कडूबाआबा सापडले. गावातला भारदस्त माणूस. गळ्यात तुळशीची माळ, भजनात पहिला आवाज त्यांचा, दारू-मटण कधी शिवलेलं नाही. बैलं विकून ट्रॅक्टर घेतल्यापासून शेतात चालणं संपलं, आणि एकादशीला दुप्पट खाशी म्हणतात ते त्यांच्या साबुदाण्याकडे पाहून सुचलं असावं. कंबर एकशे आठ. मोजताना त्यांची बायको सगुणामावशी चहा देता देता हसत होत्या, आबा हसत नव्हते.

तेव्हा घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट आज आला, तो घेऊन त्यांच्या घरी गेलो. शुगर वाढलेली, यकृताचे आकडे त्याहून वाईट. हे केवळ चरबीवर थांबलेलं प्रकरण वाटत नाही. लिव्हर मशीनवर तपासायला हवं असं मी सांगितलं, आणि त्यांनी उठून दार लावलं.

"डॉक्टर, लिव्हरचं नाव या घरात घेऊ नका. आकांक्षाची सोयरीक चालू हाय. मंठ्याचे पाव्हणे पोरगी पाहून गेल्ते, भिवाजींच्या हरिओमसाठी. त्यांच्या कानावर गेलं की कडूबाचं लिव्हर गेलं, तर काय म्हनतील? माळ घालून मागच्या दारानं ढोसतो म्हनतील."

गावाला लिव्हरनं मेलेला एकच माणूस माहीत आहे, संपत. तो दारूनं गेला. त्याचं माठासारखं फुगलेलं पोट सगळ्यांनी पाहिलंय.

मी म्हणालो, "आबा, शुगरनंही होतं हे."

"मंग शुगर हाय म्हना. शुगर म्हनायला मी न्हाई म्हनतो का? शुगर आबरूदार बिमारी हाय."

परत येताना फाट्यावर दोन मिनिटं गाडी बंद करून उभा राहिलो. हा माणूस लाजेपायी मरेल अशी मला भीती वाटते.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

एकट्यादुकट्याला सांगून उपयोग नाही, सगळ्या गावाला एकदम सांगावं म्हणून महादेवाच्या देवळासमोर माईक मागून घेतला. उपवासाची खिचडी वाटत होते, मीही घेतली, मग बोललो. यकृत म्हणजे काय, चरबी कशी साठते, दारूशिवायही कसं बिघडतं. शेवटी हात उंचावून म्हणालो, "लिव्हरला जपा."

माझ्या मते बरं झालं भाषण. फक्त मागून एकजण उठला आणि म्हणाला, "म्हंजी पेऊनबी जातंय, न पेताबी जातंय. मंग न पेणारानं काय कमावलं?" सगळे हसले. आबा मात्र पुढच्या रांगेत बसून एक एक शब्द कान देऊन ऐकत होते. मनात म्हणालो, चला, ज्याच्यासाठी केलं त्याच्यापर्यंत पोचलं.

५ मार्च, बुधवार

डोकं फिरलंय. गावात शिरताना चांदपाशाच्या रसवंतीवर ही गर्दी. वर पाटी: 'लिव्हरसाठी ताजा ऊसाचा रस. डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे.'

मला आधी कळेचना. मग दुर्गाबाई म्हणाल्या, "सर, कावीळ झाली की रसच देत्यात की. लिव्हरला दुसरं काय देत्यात?" पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं हे औषध. मी रोग सांगितला, औषध गावानं आपलं आपण लावून घेतलं. माझ्या भाषणापासून अख्खं गाव साखरेचं पाणी पितंय, आणि वर माझं नाव.

चांदपाशाशी भांडलो. तो शांतपणे चरकात ऊस घालत होता.

"डॉक्टरसाब, रोजा हाय मला, झूट न्हाई बोलणार. तुमीच बोल्ले ना लिव्हरला जपा? मंग रस सोडून जपायला दुसरं काय हाय, बोला."

"चांदभाई, यानं चरबी वाढते."

"रसानं? हे तर बिलकुल नवीन ऐकून राह्यलो."

बरीच हुज्जत घातल्यावर त्यानं ओल्या फडक्यानं 'डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे' एवढं पुसलं. 'लिव्हरसाठी' तसंच राहिलं. आणि माझ्यापुढे आलं-लिंबू घातलेला ग्लास ठेवला. मी नको म्हणालो, पण काढलेला रस परत उसात तर जात नाही. शिवाय उन्हातून आलो होतो. प्यालो.

१७ मार्च, सोमवार

सगुणामावशी उपकेंद्रावर आल्या. पदर तोंडाला लावून हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं औषध चालू हाय बरं का त्यांचं. बराबर घेऊन राह्यले."

"कोणतं औषध?"

"रस. सकाळी दोन ग्लास, सांजच्याला दोन. कुणाला दिसू नये म्हनून आकांक्षा डब्यात घेऊन येती. गुमान पेत्यात. पन लई थकून राह्यले, पायबी जड झाले म्हनत्यात."

मी तसाच उठून त्यांच्या घरी गेलो. आबांची शुगर यंत्रावर पाहिली, मागच्या रिपोर्टपेक्षा कितीतरी वाढलेली. भाषण देऊन मी या माणसाला जास्त आजारी केलं. रस बंद, आजपासून बंद, असं ओरडूनच सांगितलं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन करून गोळ्या वाढवून घेतल्या. आबा म्हणाले, "आधी लिव्हरला जपा म्हनले, आता जपू नका म्हनता. कोणतं खरं धरावं मानसानं?"

घरी येऊन जेवलो आणि तिथेच खुर्चीत झोप लागली. हल्ली जेवल्यावर डोळे उघडे राहत नाहीत. उजव्या बाजूला बरगडीखाली जड वाटतं. पित्त असणार. चिंतेनं पित्त वाढतं.

२५ मार्च, मंगळवार

लिव्हर तपासायचं मशीन आठ एप्रिलला भोकरदनला येतंय. पोटावर नुसता दांडा टेकवायचा, सुई नाही की काही नाही. आबांच्या घरी जाऊन विनवण्या केल्या. ते मान हलवत राहिले. शेवटी आकांक्षा आतून आली. पोरगी बारावी झालेली, बोलायला तिखट.

"बाबा, माझ्या लग्नाला उभं राहायचंय ना तुम्हाला? का फोटोत बसून अक्षता टाकणार?"

आबा माळेच्या मण्यांशी चाळा करत होते. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "असं करू. आधी तुम्ही झोपा त्या टेबलावर. सगळ्यांच्या देखत. मंग मी."

"एवढंच ना? झोपतो की."

किती सोपं होतं. आधीच सुचायला हवं होतं.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली. साखरेची गाठी खाली उतरवायच्या आधीच मी दोन पदकं मोडून तोंडात टाकली, शीतल रागावली. मग माझ्या पिशवीतला टेप काढून म्हणाली, "उभे राहा. गावाचं मोजता, घरचं राहिलंय."

तिनं मोजलं. आकडा सांगितला. मी म्हणालो, "रोज वापरून हा टेप सैल पडलाय. सैल टेप जास्त दाखवतो."

ती म्हणाली, "टेप ताणला गेला तर कमी दाखवेल ना?"

मी गुढीला नमस्कार केला आणि विषय बदलला. आकडा इथे लिहीत नाही, चुकीच्या टेपचा आकडा लिहून काय करायचं. कार्यालयाकडे नवीन टेप मागायला हवा.

८ एप्रिल, मंगळवार

हे लिहायला बसवत नाही. लिहितो.

आबांनी स्वतः जीप केली, गावातली बारा-पंधरा माणसं आणली. आकांक्षा, सगुणामावशी, दुर्गाबाई, सगळे. शब्द दिल्याप्रमाणे मी आधी झोपलो. मशीन चालवणारा अबुबकर नावाचा तरुण होता, गोड बोलणारा. मध्ये पडदा होता, पण कापडाचा. तो बरगडीजवळ दांडा टेकवून एकदा पाहत होता, मग परत, मग पुन्हा. त्याचं बोलणं थांबलं. मग त्यानं कागदावरून नेहमीचा प्रश्न वाचला, जो तो प्रत्येकालाच विचारतो.

"सर, दारू घेता का? किती?"

पडद्याबाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी नाही म्हणालो. चरबी शेवटच्या पायरीची आहे आणि यकृत कडक व्हायला लागलंय, असं त्यानं सांगितलं. मशीनची काहीतरी गडबड असेल असं मी म्हणालो. तो म्हणाला, "सर, सकाळपासून तीस जणांचं याच मशीनवर झालं." मी शर्टाची बटणं लावत होतो आणि ती लागत नव्हती.

बाहेर आलो तर आबांची खुर्ची रिकामी. तो प्रश्न ऐकला आणि उठून जीपमध्ये जाऊन बसले. म्हणाले, "हेच इचारतील मलाबी. सगळ्यांसमोर." मी आकांक्षाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

जे व्हायला नको होतं तेच झालं, आणि माझ्यामुळे झालं.

१० एप्रिल, गुरुवार

आज नऊ घरं केली. एकाही घरी चहा मिळाला नाही.

पहिल्या घरी वाटलं, दूध संपलं असेल. तिसऱ्या घरी सासूनं सुनेला आत पिटाळलं. पाचव्या घराबाहेर दुर्गाबाई थांबल्या आणि चपलेच्या टोकानं माती उकरत म्हणाल्या, "सर, गावात बोलून राह्यले. डॉक्टर पेतो म्हनून. बाईमानसाच्या कमरेला हात लावतो अन् पेतो."

दुपारी मंठ्याहून, माझ्या मूळ गावाहून, आईचा फोन. भिवाजींच्या घरून तिच्यापर्यंत गेलं होतं. "अंगद, खरं सांग रे बाबा, कव्हापासून पेतो?" मी म्हणालो, आई, मी आयुष्यात कधी घेतली नाही. ती म्हणाली, "बरं," आणि रडायला लागली. तिला पटलं नव्हतं.

आबा काय म्हणत होते ते आज कळलं. मला ते शहाणपण वाटलं नव्हतं, हट्ट वाटला होता. मला राग आलाय, लाज वाटतेय, आणि हातात टेप धरवत नाही. गावभर पाय ओढत फिरलो तेव्हा घसा कोरडा पडला होता, आणि खरं सांगायचं तर त्या पाकासारख्या चहाची आठवण येत होती. बदली मागावी काय?

शीतलला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लोक काय म्हणतात ते राहू द्या. तो अबुबकर काय म्हणाला?" मी डायरी लिहायला घेतली.

१२ एप्रिल, शनिवार, हनुमान जयंती

जाणारच नव्हतो. दुर्गाबाईंचा फोन आला, "या सर, न्हाई आलात तर लोक खरंच धरतील."

मारुतीच्या देवळासमोर मांडव. भजन झालं, जन्म झाला. मी खांबाला टेकून मागे उभा. पुढे पाहुण्यांच्या सतरंजीवर मंठ्याचे भिवाजी आणि त्यांचा हरिओम बसलेले. सोयरीक पक्की करायला आले होते. आबांनी वीणा खाली ठेवली आणि माईक हातात घेतला. मला वाटलं, प्रसादाची सूचना देतायत.

"मंडळी, थोडं ऐका. डॉक्टर पेतो असं गावात बोलून राह्यले. डॉक्टर पेत न्हाई. मला कसं ठाव म्हनून इचाराल, तर माझंबी लिव्हर तसंच हाय. डॉक्टरापेक्षा जास्ती खराब. परवा मी जालन्याला गेल्तो, आकांक्षाला घेऊन, अन् तसल्याच मशीनखाली झोपलो. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की मागं फिरायला अजून रस्ता हाय, पन लवकर फिरा. मला इचारलं, दारू किती घेता. मी म्हनलो, न्हाई घेत. त्यानं बराबर लिहून घेतलं. कुणी हसलं न्हाई."

ते थांबले. मग त्यांनी माळ बोटांनी गळ्यापासून पुढे धरली.

"ही माळ लग्नाच्या आधीपासून गळ्यात हाय. ज्याला वाटतं कडूबा पेतो, त्यानं पुढं यावं अन् स्वतःच्या हातानं काढून घ्यावी."

मांडवात कुणी हललं नाही. भिवाजी खाली सतरंजीकडे पाहत होते. सगुणामावशींनी डोळ्याला पदर लावला. आकांक्षा मात्र ताठ उभी होती, बापाकडे बघत. पोरीची सोयरीक समोर बसलेली असताना या माणसानं हे केलं, आणि माझ्यासाठी केलं. मला रडू आलं, लपवायला जागा नव्हती.

भिवाजी प्रसाद घेऊन, "कळवतो," एवढंच बोलून निघून गेले.

१७ एप्रिल, गुरुवार

पाच दिवस मंठ्याहून निरोप नाही. रोज आबांच्या घरापुढून जाताना मान वर करायची हिंमत झाली नाही. आज दुपारी आकांक्षाच उपकेंद्रावर आली. "डॉक्टर, पाव्हणे आलेत. बाबांनी टेप घेऊन बोलावलंय."

गेलो. भिवाजी खाटेवर बसलेले. सदऱ्याखाली त्यांचं पोट मला लांबूनच दिसलं. माणूस इकडे तिकडे बघत, ऊन फार आहे, पीकपाणी कसं आहे, असं बोलत राहिला. मग एकदम म्हणाला, "न पेताबी होतंय म्हन्ता तुमी. मी बी न्हाई पेत. पोरांचं बोलू आपण, कुठं जात न्हाई ते. आधी माझं मोजा."

सगुणामावशी स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर, साखर घालू का?" या गावात आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. चहाच्या बाबतीत विचारायची पद्धतच नाही. मी नको म्हणालो. भिवाजींनीही नको म्हटलं, पण जरा उशिरानं. त्या चहाला काही चव नव्हती. तिघांनी माना खाली घालून संपवला.

मग मी टेप काढला आणि भिवाजींना उभं राहायला सांगितलं. आबांनी माझा हात धरला.

"आधी तुमचं. ठरलंय आपलं."

मी शर्ट वर केला. टेपचं एक टोक आबांनी धरलं, दुसरं आकांक्षानं. श्वास आत ओढून धरावा असं मनात आलं होतं. धरला नाही. आकडा तिनं मोठ्यानं वाचला, आणि शीतलनं पाडव्याला वाचला होता तोच निघाला.

एकशे सहा. टेप अजिबात सैल पडलेला नाही.